आत्मत्याग आणि कृपा

उपवासकाळ जवळ आला म्हणजे आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत एक प्रश्न नेमानें ऐकूं येतो : यंदा काय सोडावयाचें? कोणी चहा सोडतो, कोणी मटण सोडतो, कोणी एक वेळ जेवतो. बाया दळणाच्या वेळीं मूठ मूठ धान्य बाजूला काढतात व रविवारीं मंदिरांत आणून ओततात. ह्या सर्व गोष्टी चांगल्या आहेत. त्यांचा उपहास करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. परंतु काय सोडावें हें विचारणारे पुष्कळ आणि कशासाठीं सोडावें हें विचारणारे थोडे, असा आमचा आजवरचा अनुभव आहे. हा दुसरा प्रश्न ज्या एका गृहस्थांमुळें आम्हांस टाळतां येईनासा झाला, त्यांची हकीकत आधीं सांगतों. त्यांच्या परवानगीनें सांगतों. मात्र त्यांचें नांव व गांव सांगत नाहीं.

हे गृहस्थ एका लहानशा खेड्यांत उपदेशकाचें काम करतात. पूर्वीं ते शाळाही चालवीत, म्हणून सारें गांव त्यांस मास्तर म्हणतें. आम्हीही येथें तसेंच म्हणूं. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांचा धाकटा मुलगा, नऊ वर्षांचा, तापानें अंथरुणास खिळला. तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें, औषधपाणी झालें. ताप उतरे आणि पुन्हां चढे. त्याच सुमारास उपवासकाळ लागला. मास्तरांनीं चाळीस दिवस एकभुक्त राहण्याचा नेम केला, आणि शिवाय वीस वर्षांची तंबाखू सोडली. ज्यांस तंबाखूची संवय आहे त्यांस ह्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. दिवसभर उन्हांत गांवें फिरावयाचीं, रात्रीं मुलाच्या उशाशीं बसावयाचें, आणि कमरेची चंची रिकामी! दुःखसप्ताहांतील बुधवारीं मुलगा प्रभूकडे गेला.

पुनरुत्थानाच्या रविवारीं उपासना आम्हींच चालविली. मास्तर मागें बसले होते. गीतें म्हणत नव्हते. मंगळवारीं ते आमच्या ओसरीवर आले, बराच वेळ खांबाला टेकून बसले, आणि मग म्हणाले, "पाळकसाहेब, एक विचारूं काय? तिसऱ्या आठवड्यांत शेताकडून येतांना मीं एकाच्या चंचींतून चिमूटभर तंबाखू घेतली. तोंडांत टाकली आणि लागलीच थुंकून टाकली. त्याच रात्रीं पोराचा ताप चढला. त्या चिमटीनें माझें पोर गेलें काय?"

आम्हांस एकाएकीं उत्तर सुचलें नाहीं. मनुष्य विश्वासानें नीतिमान ठरतो, ह्या सिद्धान्तावर आम्हीं सेमिनरींत परीक्षा दिलेली होती आणि तींत बरे गुणही मिळविले होते. परंतु तंबाखूच्या चिमटीविषयीं त्या परीक्षेंत कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. आम्हीं एवढेंच म्हटलें, "नाहीं मास्तर, तसें नाहीं." तेव्हां ते म्हणाले, "मग चाळीस दिवसांचा उपास कशाला होता? चिमटीनें जर नुकसान झालें नाहीं, तर उपासानें फायदा होण्यासारखा नव्हताच, असेंच कीं नाहीं?"

वाचकहो, ह्या प्रश्नाची धार पाहावी. आम्हांपैकीं बहुतेक जण दुःखी मनुष्याला पहिलें सांत्वन मोठ्या खुषीनें देतों : तुझ्या चुकीनें असें झालें नाहीं, बाबा. पण त्याच तोंडानें दुसऱ्या रविवारीं असेंही सांगतों कीं, अमुक भावानें उपास केला आणि त्याचें काम झालें. मास्तरांनीं आमच्या ह्या दोन बोलण्यांची गांठ घालून दिली. उपासाच्या बळानें मूल वांचतें असें जर आम्हीं शिकविलें असेल, तर नेम मोडल्यानें मूल मरतें हें आम्हीं न शिकवितांच शिकविलें.

ही समजूत आमच्यांत कोठून आली हें शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. आम्हां बहुतेकांचे आजेपणजे नवस बोलत आणि नवस फेडीत. नवसांत एक प्रकारचा खरेपणा असतो, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. बोललेला शब्द अंगावर कर्ज काढूनही पाळणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि वर्गणीचें वचन देऊन तोंड चुकविणारे ख्रिस्तीही पाहिले आहेत. परंतु नवस हा करार आहे. मीं इतकें सोसलें, आतां तूं इतकें द्यावें, असा त्याचा हिशेब. आणि हिशेबाची वही एकदां उघडली म्हणजे ती दोन्ही बाजूंनीं वाचली जाते. जमेची बाजू वाचून मनुष्य देवापाशीं हट्ट धरतो. खर्चाची बाजू वाचून स्वतःला खुनी समजतो.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान् व कडक आचाराचे ब्राह्मण होते. आपल्या पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल लोकांचा विरोध सोसण्याइतकें त्यांचें मन धीट होतें. १८७४ च्या सुमारास दक्षिणेकडील दुष्काळांत हें कुटुंब सांपडलें. रमाबाईंनीं पुढें लिहून ठेविलें आहे कीं, संकट टळावें म्हणून त्यांच्या आईबापांनीं व्रतें केलीं, तीर्थांत स्नानें केलीं, उपास केले, दानें दिलीं. पैसा संपला, दागिने गेले, भांडींकुंडीं गेलीं, आणि अखेरीस रानांत झाडपाला खाऊन व पाणी पिऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडील वारले, कांहीं आठवड्यांनीं आई वारली, मग थोरली बहीणही गेली. आम्हीं आमच्या एखाद्या उपवासकाळांत जें सोडतों त्याच्या शंभर पटींनीं ह्या माणसांनीं सोडलें होतें. त्यांच्या त्यागाकडे बोट दाखवून हसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि ज्या उपदेशकांस बाजारांत उभें राहून तसें करण्याची संवय आहे त्यांनीं ती सोडावी. त्यांच्यापुरता तोच मोठा उपवास होईल.

पण रमाबाईंची हकीकत आम्हीं काढली ती त्यांच्या आईबापांसाठीं नव्हे. त्या स्वतः १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा पावल्या. १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढून विधवांच्या सेवेला त्यांनीं स्वतःस वाहून घेतलें. आतां ह्याहून अधिक आत्मत्याग तो कोणता? तरी बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला आहे, परंतु ख्रिस्त सांपडलेला नाहीं. त्या वेळीं त्यांच्या हातीं विल्यम हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त आलें होतें. हे हॅस्लम पुष्कळ वर्षें नेमनिष्ठ पाळक होते, चर्चे बांधीत होते. आणि १८५१ सालीं कॉर्नवॉल परगण्यांत, आपल्याच व्यासपीठावर, आपलाच उपदेश करतां करतां त्यांस कळलें कीं आपण जें सांगत आहों त्यावर आपलाच भाव नव्हता. (आम्हां पाळकांस ही गोष्ट वाचतांना सुख होत नाहीं.) रमाबाईंस ह्यांतून दिसलें कीं, सोडणें, करणें, झटणें हें सर्व ख्रिस्ताच्या नांवानें चाललेलें असतांही मन जुन्याच वहींत जमाखर्च लिहीत राहूं शकतें. आईबापांनीं जी वही तीर्थांच्या कांठीं लिहिली तीच त्या नकळत मंदिरांत लिहीत होत्या. ज्या दिवशीं त्यांनीं ती मिटली त्या दिवशीं त्यांचें काम थांबलें काय? दुष्काळांतल्या मुली गोळा करणें, केडगांवचें मुक्तिसदन, म्हातारपणापर्यंत मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून चालविलेलें पवित्र शास्त्राचें सोपें मराठी भाषांतर, हें सर्व त्यानंतरचें आहे. १९२२ सालीं त्या वारल्या तोंपर्यंत त्यांचे हात रिकामे नव्हते.

जर्मनींतला मार्टिन लूथरही असाच. १५०५ सालीं तो एर्फुर्टच्या मठांत शिरला. उपासांनीं व थंडींत जागून त्यानें देह झिजविला, आणि तासन् तास पापकबुली देऊन गुरु श्टाउपित्स ह्यांस अगदीं त्रासवून सोडलें. एक पाप सांगून उठावें तों दुसरें आठवे! मास्तरांची चिमूट आणि लूथरची पापकबुली ह्यांत आम्हांस अंतर दिसत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. कृपा फुकट आहे तर प्रभूनें आत्मत्याग करावयास सांगितलें तरी कां? त्यानें सांगितलें हें तर उघड आहे. जो कोणी माझ्यामागें येऊं पाहतो त्यानें काय करावें हें तिन्ही शुभवर्तमानांत आहे, आणि लूककृत शुभवर्तमानांत तर वधस्तंभ दररोज उचलावयाचा आहे. येथें मूळ ग्रीक शब्दाकडे लक्ष पुरविलें असतां मोठा लाभ होतो. मराठी शास्त्रांत ह्या ठिकाणीं त्याग करण्याचा अर्थ येतो. म्हणून आपलें मन तेव्हांच चहाकडे, मटणाकडे व तंबाखूकडे धांवतें. परंतु मत्तयानें येथें जो शब्द घातला आहे तोच शब्द त्यानें पुढें, पेत्र आपल्या गुरूला तीन वेळां नाकारील ह्या भविष्यासाठीं घातला आहे. म्हणजे प्रभूचें म्हणणें असें कीं, पेत्रानें अंगणांतल्या दासीपुढें ज्या रीतीनें ख्रिस्ताला नाकारलें, त्या रीतीनें मनुष्यानें स्वतःला नाकारावें. पेत्र काय म्हणाला? तो मनुष्य मला ठाऊक नाहीं. त्याचा माझा कांहीं संबंध नाहीं. असें आपण आपल्या ‘मी’ला म्हणावें. ह्या ‘मी’चा माझ्यावर हक्क चालत नाहीं, हा माझा धनी नव्हे.

हें समजलें म्हणजे वस्तु सोडणें आणि आपणांस नाकारणें ह्यांतलें अंतर तात्काळ दिसतें. पेत्रानें वस्तु तर केव्हांच सोडल्या होत्या. जाळें सोडलें, मचवा सोडला, घरदार सोडलें. आणि हें सोडल्याचा त्याला विसर पडला नव्हता. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हां त्यानें लागलीच प्रभूला आठवण करून दिली कीं आम्हीं तर सर्व सोडलें आहे, मग आम्हांस काय मिळणार? प्रभूनें त्याला झिडकारलें नाहीं. मोठें वचन दिलें. परंतु त्या वचनाच्या पाठोपाठ द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा दाखला सांगितला, हें कितीजणांच्या लक्षांत आलें आहे? आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं सकाळीं चावडीपाशीं कामाची वाट पाहत उभें राहून पाहिलें आहे. दिवस वर येतो, धडधाकट गड्यांस शेतकरी निवडून नेतात. म्हातारा, अशक्त, दुखणाईत तेवढा मागें राहतो, आणि दिवस कलला तरी तेथेंच उभा असतो, कारण घरीं काय सांगावें हें त्याला कळत नाहीं. त्यालाही मालकानें शेवटच्या तासाला बोलाविलें व पुरती मजुरी दिली. पहाटेपासून उन्हांत राबलेल्यांस राग आला. त्यांस कमी मिळालें म्हणून नव्हे. ठरलें होतें तें मिळालें. दुसऱ्याला न राबतां मिळालें, म्हणून आपलें राबणें वायां गेलें असें त्यांस वाटलें. जो मनुष्य आपला त्याग मोजतो त्याला दुसऱ्यावर झालेली कृपा सोसवत नाहीं. आमच्या मंडळ्यांतलीं अर्धीं भांडणें येथूनच निघतात : आम्ही तिसऱ्या पिढीचे, तो काल आला; आम्हीं मंदिराच्या भिंतीसाठीं दगड वाहिले, आणि आज पंचांत तो बसतो!

तर वस्तु सोडलेला पेत्र विस्तवापाशीं ऊब घेत उभा राहिला आणि एका दासीच्या शब्दानें ढांसळला. कांहीं तरी नाकारावयाचें होतेंच. स्वतःला नाकारीना, म्हणून त्यानें प्रभूला नाकारलें. त्यानंतर कोंबडा आरवला. पुढची गोष्ट योहानानें सांगितली आहे. सरोवराच्या कांठीं पहाटे पुन्हां विस्तव पेटलेला आहे, आणि योहान त्यासाठीं महायाजकाच्या अंगणांतल्या विस्तवासाठीं घातलेलाच शब्द घालतो : कोळशांचा विस्तव. हा कोळसा कोणीं पेटविला? प्रभूनें. मासळी व भाकर कोणीं मांडली? प्रभूनें. पेत्राला प्रथम उपास सांगितला नाहीं, जेवावयास बोलाविलें. जेवण झाल्यावर प्रश्न विचारला, तोही ‘तूं काय सोडलेंस’ हा नव्हे, तर ‘माझ्यावर प्रीति करतोस काय’ हा. आणि ह्या सर्वांच्या शेवटीं, अगदीं शेवटीं, त्याला सांगितलें कीं म्हातारपणीं दुसरा कोणी तुझी कंबर बांधील व तुझी इच्छा नसेल तिकडे तुला नेईल. आत्मत्याग आला, पण जेवणानंतर आला.

पौलानें तीतास लिहिलेल्या पत्रांतही हाच अनुक्रम आहे. तेथें कृपा गुरुजीसारखी उभी आहे. ती प्रकट झाली आणि ती आपणांस अभक्तीला नाकारावयास शिकविते. नाकारण्याचा शब्द मूळचा त्याच कुळांतला. म्हणजे आधीं धडा पाठ करून मग शाळेंत नांव घालावयाचें, असें नाहीं. नांव आधीं घातलें जातें, धडा पुढें चालतो, आणि पुष्कळ वेळां चुकतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत तर पौल असें सांगतो कीं, आपण अविश्वासू झालों तरी ख्रिस्त विश्वासू राहतो, कारण स्वतःला नाकारणें त्याच्यानें होत नाहीं. ज्या शब्दानें शिष्याला आज्ञा झाली त्याच शब्दानें धन्याची असमर्थता सांगितली आहे! आम्हांस स्वतःला नाकारतां येत नाहीं, ही आमची दुर्बलता. त्याला स्वतःला नाकारतां येत नाहीं, ह्यावर आमची सारी आशा.

ह्या ठिकाणीं आम्ही आमची एक गोष्ट सांगतों, नाहीं तर हें सर्व पुस्तकी वाटेल. दीक्षा घेतल्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षीं आम्हीं उपवासकाळांत चहा सोडला आणि ही गोष्ट व्यासपीठावरून जाहीरही केली, म्हणजे मंडळीला कित्ता मिळावा. पहिल्या आठवड्यांत डोकें दुखे. दुसऱ्या आठवड्यांत मुलांवर ओरडण्यास सुरुवात झाली. तिसऱ्या आठवड्यांत एका संध्याकाळीं दूरच्या वस्तीवरून एक म्हातारी दाखल्यावर सही घ्यावयास आली, तिला आम्हीं उद्यां ये म्हणून परत धाडलें. ती गेल्यावर आमचें कुटुंब चुलीजवळून बाहेर आलें आणि म्हणालें, "आपण चहा घ्यावा. आपला उपास आम्ही घरचीं माणसें करीत आहों." आम्हीं चहा सोडला होता, आमच्या ‘मी’नें मात्र त्या चाळीस दिवसांत जेवढें खाल्लें तेवढें वर्षांत कधीं खाल्लें नसेल. म्हातारीच्या वस्तीपर्यंत दुसऱ्या दिवशीं चालत जाऊन आम्हीं सही करून आलों. ती कांहीं बोलली नाहीं, तिनें चहाच पुढें केला. आम्हीं घेतला.

दुसऱ्याच्या जिवावर त्याग करणें ही जुनी खोड आहे. आईबापांच्या वांट्याचें देवाला वाहिलें असें म्हणून त्यांस उपाशी ठेवणाऱ्यांस प्रभूनें कडक शब्द ऐकविले आहेत. थोर माणसांच्या घरींही ह्याची झळ लागते. रेव्ह. नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त तेथें एकत्र यावे अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या त्यागाची थोरवी आम्ही मानतों. पण लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, टिळकांचा हात देण्यासाठीं सैल सुटला म्हणजे संसाराचीं दोन टोकें जुळवितांना कोणाची ओढाताण होई. त्या बाईंनीं ती हसून सांगितली, हा त्यांचा मोठेपणा. आम्हांस वाटतें, त्या घरांत आत्मत्यागाचा कठीण भाग त्यांच्याच वांट्यास आला होता. त्यावर मात्र कोणीं कीर्तन केलें नाहीं.

ह्याच्या उलट जे म्हणतात, सर्व कृपेनेंच आहे तर उपास कशाला, मूठ कशाला, दशांश कशाला, त्यांच्यासाठीं पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय आहे. तो वाचावा. आम्ही त्यांच्याशीं फार वाद घालीत नाहीं. कृपेचें नांव घेऊन मूठ आंवळणाऱ्याला ती मिळाली आहे कीं नाहीं हें त्याची मूठच सांगते.

आतां मास्तरांकडे परत जाऊं; त्यांना ओसरीवर बसवून आम्ही फार दूर आलों. त्यांचा प्रश्न होता : उपासाचा उपयोग काय? आम्ही गप्प आहों असें पाहून त्यांनीं स्वतःच शास्त्र काढलें. म्हणाले, "दाविदाचें मूलही गेलें. तोही सात दिवस उपाशी जमिनीवर पडला होता. आणि तें मूल त्याच्या पापामुळेंच गेलें, असें लिहिलेलें आहे." शास्त्र जाणणाऱ्या माणसाला दुःखाच्या वेळीं शास्त्रानेंच किती जखमा होतात हें आम्हांस त्या दिवशीं दिसलें. आम्हीं म्हटलें, "मास्तर, दाविदाकडे नाथान आला होता. परमेश्वरानें पाठविला, तेव्हां तो बोलला. तुमच्याकडे कोण आला? तुम्हीच आपले नाथान होऊं नका. जन्मांधाला पाहून शिष्यांनीं विचारलें, पाप कोणाचें, ह्याचें कीं आईबापांचें? प्रभूनें दोन्ही नाकारलीं. तेथें तो जें बोलला तें तुमच्या दारींही बोलतो."

ते म्हणाले, "आणि उपास?"

आम्हीं बराच वेळ विचार करून सांगितलें कीं, सर्व मानवांत एकानेंच आपणांस पुरतें नाकारलें. गेथशेमानेंत त्यानें प्याला टळावा म्हणून मागितलें, आणि आपली इच्छा पित्याच्या इच्छेखालीं घातली. प्याला टळला नाहीं. आत्मत्यागानें जर जीव विकत मिळत असता, तर त्या रात्रीं तो मिळावयास हवा होता. तुमचा उपास ही किंमत नव्हती, मास्तर. म्हणून ती अपुरीही पडली नाहीं. तुम्हीं चाळीस रात्री पोराच्या उशाशीं आपली भूक नेऊन ठेविली. तुमच्याजवळ दुसरें कांहीं नव्हतें म्हणून ठेविली. तें प्रेम होतें. पित्यानें तें तसेंच घेतलें असेल, चिमूट असो कीं नसो. त्यानेंही पुत्र गमावला आहे.

ह्यानें मास्तरांचें समाधान झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. ते डोळे पुसून उठले व गेले. मूल कां गेलें, ह्याचें उत्तर आम्हीं दिलें नाहीं. आमच्याजवळ तें नव्हतें, आजही नाहीं. जे पाळक मृताच्या दारांत असलीं उत्तरें घेऊन जातात त्यांस आम्ही नम्रपणें विनंती करतों कीं, त्यांनीं त्याऐवजीं पाण्याचा हंडा घेऊन जावें.

पुढल्या वर्षीं उपवासकाळाच्या आदल्या रविवारीं उपासना आटोपल्यावर मास्तर मागें थांबले. "यंदा पुन्हां धरूं काय?" त्यांनीं विचारलें. आम्हीं विचारलें, "कशासाठीं?" ते म्हणाले, "मागावयाचें असें कांहीं नाहीं. खालच्या आळींत एक पोर आहे, त्याच्याच वयाचें. बाप ऊसतोडीला गेला आहे, घरीं आजी तेवढी. तंबाखूच्या पैशांत त्याच्या वह्या होतील. आणि संध्याकाळचें माझें जेवण तो जेवील. घरीं विचारलें आहे. ती हो म्हणाली." आम्हीं म्हटलें, धरा. त्या चाळीस दिवसांत किती झाले, किती उरले, हें त्यांनीं एकदांही आम्हांस सांगितलें नाहीं. पुनरुत्थानाच्या रविवारीं तें पोर त्यांच्याशेजारीं बसलें होतें आणि गीताच्या पुस्तकांत भलतेंच पान उघडून मोठ्यानें गात होतें. मास्तर त्याला पान दाखवीत होते.

मागल्या महिन्यांत आम्ही त्या गांवीं प्रभुभोजनाच्या विधीसाठीं गेलों होतों. सहज विचारलें कीं, मास्तर, तंबाखू सुटली काय? ते हसले. म्हणाले, "सुटली होती, पाळकसाहेब. मग पुन्हां धरली. आतां पुन्हां सुटली आहे." आणि मग त्यांनीं विचारलें कीं, सकाळच्या उपासनेंत पहिला धडा कोणता वाचावयाचा आहे.